मी पाणी वाचवते, बनवत नाही

मी एक जुनी ग्रंथी आहे, मित्रांनो. नाव पीयूषिका. आकाराने वाटाण्याएवढी असले तरी मूग गिळून बसणाऱ्यांतली मी नव्हे. विठ्ठलवाडीच्या प्रीतीताईंच्या मेंदूखाली, हाडाच्या एका खोबणीत, मी चाळीस वर्षं एकही रजा न घेता नोकरी करते आहे.

माझं काम सांगते. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त दाट होऊ लागतं. माझ्या वरच्या मजल्यावर अधश्चेतक नावाचा मेंदूचा भाग राहतो, त्याला ते सगळ्यांत आधी कळतं. तो ताईंना तहान लावतो आणि एक संप्रेरक बनवून माझ्याकडे धाडतो. मी ते रक्तात सोडते. मूत्रपिंडांना निरोप पोचतो, 'पाणी बाहेर जाऊ देऊ नका!' ताई पाणी प्यायल्या की मी हात आखडता घेते. लहानपणी त्या खेळून आल्या की तांब्याभर पाणी गटागट प्यायच्या. किती सुखाचे दिवस होते ते!

पुढे ताई उल्हासनगरात जीन्स शिवायच्या कारखान्यात लागल्या. तिथल्या संडासाला आतून कडीच नाही.

"पाणी पिऊच नको ना, मग जायचा प्रश्नच नाय," शेजारच्या मशीनवरच्या कुमुदिनीने पहिल्याच दिवशी शिकवलं. सगळ्या बायका नुसती चूळ भरत. मी दिवसभर निरोप धाडत राही. लोक म्हणत, प्रीती किती चिवट आहे! राबत होते मी, आणि शाबासकी ताईंना. पण जे प्यायलंच नाही, ते मी कुठून आणू?

यंदा मे महिन्यात ताईंना लघवीला जळजळ झाली, हुडहुडी भरून ताप आला.

"इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय," डॉक्टरांनी बजावलं. "परत असं पाणी पिणं टाळलंत, तर किडनीच गमवाल."

बऱ्या होऊन ताई कामावर गेल्या. सगळ्यांसमोर त्यांनी पाण्याची बाटली रिकामी केली आणि 'आधी संडासाला कडी लावा' म्हणत मशीन बंद करून उभ्या राहिल्या.

"प्रीती, बैठो! आज ऑर्डर है. कडी कल लगा देंगे," शेठ ओरडला.

"उद्या नाय शेठ, मला आज जायचंय. कडी लागेपर्यंत माझं मशीन बंद."

कुमुदिनीचं मशीन थांबलं. मग एकेक करत सगळ्यांचीच थांबली. जेवणाच्या सुट्टीआधी सुतार आला.

मित्रांनो, तहान लागली की प्या. कुणी आडकाठी केली तर भांडा, पण प्या. पाणी वाचवायचं काम मी मरेपर्यंत करीन, ते ताईंसाठी. माझ्या काटकसरीवर कुणी आपला कारखाना चालवू नये.