पेटीजवळचा फोटो

फ्लॅश चांगला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण आठवडाभर मी उलटं सांगत फिरलो.

फ्लॅश गिरीजच्या बेनेडिक्ट अंकलचा. दांड्याचा, जड. कॅमेऱ्याखाली लोखंडी पट्टी बसवायची, पट्टीवर फ्लॅश, आणि तिथून एक वायर कॅमेऱ्यात. चालू केला की चिंऽऽ करत भरतो, मागचा नारिंगी दिवा लागला की तयार. ह्या फ्लॅशवर अंकलनी चाळीस वर्षं वसईतली लग्नं काढली, बाप्तिस्मे काढले आणि मयतं काढली. आमच्यात मयताचा फोटो म्हटलं की लोक तोंड फिरवतात. त्यांच्यात पेटी बंद करायच्या आधी घरचे सगळे पेटीभोवती उभे राहतात आणि फोटो निघतो. जे पोचू शकले नाहीत त्यांना पाठवायला, आणि घरात ठेवायला. अंकल म्हणायचे, "लग्नाचा फोटो बिघडला तर जोडी परत उभी करता येते. हा परत नाही."

मी भावेश, मनवेलपाड्याचा. डिजिटलवर लग्नं करतो. तीन वर्षांपूर्वी फिल्मचं खूळ आलं तेव्हा अंकलना शोधत गेलो. त्यांनी कॅमेरा हातात दिला, रोल भरायला शिकवलं, बाथरूममध्ये धुवायला शिकवलं. त्यांच्या कॅमेऱ्यात शटरच्या चकतीवर साठचा आकडा लाल आहे. पहिल्याच दिवशी त्यावर नख ठेवून म्हणाले, "फ्लॅश लावला की इथं. वर गेलास तर पडदा अर्धाच उघडा असताना फ्लॅश पडतो. अर्धा फोटो काळा."

मी मान डोलवली. नंतर राजोडीच्या बीचवर तोच कॅमेरा गळ्यात घालून रील टाकलं, डिजिटलमध्ये आत्मा नसतो म्हणून. लोकांनी बदाम दिले. आत्म्याचं मला सगळं कळत होतं, लाल आकड्याचं तेवढं राहिलं.

तेरेसा आंटी, अंकलची बायको, गेल्या तेव्हा सकाळीच फोन आला.

"भावेश, चार वाजता मयत. फोटो तू काढ. माझ्या कॅमेऱ्यावर, माझ्या फ्लॅशवर. मीच काढला असता, पण ह्या वेळी मला आत उभं राहायचंय."

डिजिटलही सोबत आणतो, असं म्हणायला हवं होतं. म्हणालो, "काळजी करू नका अंकल. मी आहे."

तीनला पोचलो. अंकलनी कॅमेरा, फ्लॅश, सेल भरून सगळं तयार ठेवलं होतं. स्वतः मागच्या वाडीत केळीखाली खुर्ची टाकून एकटेच बसले होते. काळा सूट, हातात रुमाल. पानांतून ऊन येत होतं. मला ते दिसलं आणि लाळ गळली. दुसरा शब्द नाही. फ्लॅश बाजूला ठेवला, शटर एकशे पंचवीसवर नेलं आणि एक फ्रेम ठोकली. माझ्या पेजसाठी. ज्या माणसाची बायको घरात पेटीत आहे त्याचा फोटो, त्याला न विचारता.

तेवढ्यात आतून हाक आली. घाईत फ्लॅश लावला, वायर खोचली. चकती फिरवली नाही.

हॉल अंधारा, खिडक्यांवर वाडीची सावली. पेटी मधोमध. डोक्याशी अंकल आणि दुबईहून आलेला मुलगा कॉन्रॅड. पायाशी मुलगी ब्रिटनी, तिचा नवरा ऑस्टिन, पोरं. दोघातिघांनी मोबाईल वर केले.

"मोबाईल खाली ठेवा प्लीज," मी म्हणालो. "हा फिल्मचा फोटो आहे. सगळ्यांनी इकडंच बघायचं."

कॉन्रॅड म्हणाला, "अरे, एक मोबाईलवर राहू दे ना. बॅकअप."

"कॉन्रॅड," अंकल म्हणाले, "फोटोग्राफर बोलतो ते ऐकायचं."

मला फोटोग्राफर म्हणाले. मी छाती काढून सहा फ्रेम घेतल्या. फ्लॅश सहाही वेळा पडला. मग पेटी बंद झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रोल धुतला. पहिली फ्रेम, केळीखालचे अंकल, सुरेख. पुढच्या सहाही फ्रेममध्ये पायाकडची बाजू व्यवस्थित आलेली. ब्रिटनी, तिचा नवरा, पोरं, फुलं, आंटीचे पांढरे बूट. मधोमध उभी सरळ रेघ, सुरीने कापल्यासारखी. रेघेपलीकडे फिल्म कोरी, म्हणजे फोटोत नुसतं काळं. आंटीचा चेहरा नाही, अंकल नाहीत, कॉन्रॅड नाही.

बादली पालथी घालून तिच्यावर बसून राहिलो. मग फोन लावला.

"अंकल, फोटो आले नाहीत. फ्लॅश गेला वाटतं तुमचा. जुना झाला होता."

"एकही नाही?"

"एकही नाही."

"उजेड तर दिसला होता रे मला."

"कमी पडला असेल."

रोल भरायला शिकताना मला महिना लागला होता. हे पहिल्या फटक्यात जमलं.

सातव्या दिवसाच्या मिस्साला मी गेलो. गेलो नाही तर लोक विचारतील, म्हणून गेलो. चर्चमधून सगळे घरी आले. चहा, बिस्किटं. शेजारचे ॲन्सेल्म म्हणाले, "काय हे बेनेडिक्ट. अख्ख्या गावाची मयतं तू काढलीस, आणि तुझ्याच घरचं राहिलं."

"माझ्याच फ्लॅशने दगा दिला," अंकल म्हणाले.

"फ्लॅशने नाही डॅडी, तुमच्या हट्टाने." कॉन्रॅड. सगळ्यांसमोर, मोठ्याने. "भंगार आहे ते. मी बॅकअप बोललो होतो. ममाचा लास्ट फोटो नाही आपल्याकडे, तुमच्या त्या डब्यापायी. बोला ना आता, फोटोग्राफर बोलतो ते ऐकायचं."

अंकल कपातल्या चहाकडे बघत राहिले. मी बिस्कीट चावत होतो. चावायचं थांबलोही नाही, कारण थांबलो तर कुणीतरी माझ्याकडे बघेल असं वाटलं.

लोक पांगले. अंकलनी मला ओट्यावर बसवलं आणि फ्लॅश आणला. सेल काढले, आतले पत्रे सुरीने खरवडले, सेल परत घातले. चिंऽऽ. नारिंगी दिवा. बटण दाबलं, भिंत पांढरी झाली. पुन्हा भरला, पुन्हा दाबला. दहा-बारा वेळा. एकदाही चुकला नाही.

"चालतो रे," ते म्हणाले. "म्हणजे त्या दिवशी सेल मीच नीट भरले नसणार. हात थरथरत होते माझे. तुझी चूक नाही, भावेश. तू वाईट वाटून घेऊ नको."

त्यांनी आई-बहिणीवरून शिव्या दिल्या असत्या तर ते खोटं मी आणखी दहा वर्षं सांभाळलं असतं. हे नाही सांभाळता आलं.

"अंकल, सेल ठीक होते. फ्लॅश ठीक होता. शटर एकशे पंचवीसवर होतं."

"साठ लाल आहे," ते म्हणाले. जणू मला आत्ता पहिल्यांदा सांगत होते.

"त्याच्या आधी तुमचा एक फोटो काढला. वाडीत. पेजवर टाकायला. मग चकती फिरवायची राहिली."

"म्हणजे फिल्मवर काहीतरी आहे."

"अर्धं."

निगेटिव्हचं पाकीट माझ्या खिशात होतं. काढून पुढे धरलं. त्यांनी घेतलं नाही.

"मला काय सांगतोस? आत कॉन्रॅड बॅग भरतोय. त्याला सांग."

"तुम्ही सांगाल का?"

"सगळ्यांसमोर बोलला तो मला. तू तिथं बिस्कीट खात होतास."

पाकीट त्यांच्याजवळ ओट्यावर ठेवून आत गेलो. कॉन्रॅड शर्टाची घडी घालत होता. उभ्याउभ्याच सांगितलं, सगळं, वाडीतला फोटोसुद्धा. वाटलं, कानाखाली मारेल. मी गालही तयार ठेवला होता. त्याने शर्ट खाली ठेवला.

"आणि मी डॅडींना..." म्हणाला. मला खांद्याने बाजूला करून बाहेर गेला.

मी बाहेर आलो तेव्हा तो पायरीवर, अंकलच्या पायाशी बसला होता. माफी मागत नव्हता. अंकलनी पाकिटातून निगेटिव्हची पट्टी काढली आणि उन्हाकडे धरली. दोन बोटांनी, कडेला.

"ही ब्रिटनी. हा ऑस्टिन. ही पोरं. हे ममाचे बूट."

"ममा कुठंय?"

अंकलनी फिल्मच्या कोऱ्या भागावर बोट टेकवलं. "इथं. हा तिच्या बाजूला मी. माझ्या मागे तू."

कॉन्रॅडने पट्टी घेतली आणि त्या रिकाम्या जागेतून बघत राहिला. सहाही फ्रेम एकेक करून बघितल्या. मग बापाच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं. अंकलनी त्याच्या केसांवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने पट्टी परत घेतली. आता ते पहिल्या फ्रेमवर आले होते. केळीखाली बसलेला, सूट घातलेला माणूस. त्यांनी ती बराच वेळ बघितली, धंद्यातला माणूस बघतो तशी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

"हा चांगला आलाय," ते मला म्हणाले. "फोकस बरोबर आहे. टाक पेजवर."

पट्टी माझ्याकडे धरली. मी हात पुढे केला नाही. त्यांनीही मागे घेतला नाही.