दारापुढची जागा

गल्लीत गाड्या कुठं लावायच्या, हे विचारायला महानगरपालिकेचे साहेब सोमवारी आले. चन्नबसम्मांचं सोमवारी दिवेलागणीपर्यंत मौन असायचं.

"या दारापुढं एक गाडी बसते. कोणाची हरकत?"

चन्नबसम्मांनी सकाळी सडा घालून काढलेल्या रांगोळीकडं पाहिलं. तिथं उद्यापासून चाक येणार होतं. ओठ हलले, पण नेम मोडवेना.

"मग हरकत नाही, असं लिहितो."

"थांबा साहेब," शेजारचा मल्लेश म्हणाला. खरं तर ती जागा त्यानंच मागितली होती. "मावशीचं मौन हाय. उद्या विचारा."

"आणि तुमची गाडी?"

"ऱ्हाईल तवर बाजारात."

दिवा लागल्यावर चन्नबसम्मांनी त्याला हाक मारली.

"रातची लाव बाबा इथं. पहाटे सड्याच्या आधी तेवढी काढत जा."