तांदळात लिहिलेलं नाव

सासूबाई दर गुरुवारी आपल्याच वाचनालयात येतात आणि मोनिकाच्या कानाशी लागतात, हे कळलं तेव्हाच जयमालाचं डोकं फिरलं. सत्तरी उलटलेल्या बाईला पुस्तकांचा पुळका आत्ताच कुठून आला? कुठेतरी पाणी मुरत होतं. तळवड्यातले वीस गुंठे अजून सासूबाईंच्या, शालनबाईंच्याच नावावर होते, आणि आयटी पार्क आल्यापासून इथे गुंठा म्हटलं की सख्खा भाऊ वैरी होतो.

मोनिका वाकडहून कंत्राटावर आलेली, बोलायला साखर. वाचनालयाच्या यादीत एकाच माणसाच्या दोन-दोन नोंदी झाल्या होत्या. त्या शोधून तिने जोडायच्या, सोबत पुरावा द्यायचा आणि ग्रंथपाल म्हणून जयमालाने मंजुरी द्यायची, असं काम होतं.

त्या गुरुवारी मंजुरीला एक जोडी आली. लेखिका दुर्गा कोंडाजी आणि ग्रंथ भेट देणाऱ्या शालन रोहिदास, म्हणजे सासूबाई, या दोघी एकच. दुर्गाच्या नावावर गावाकडच्या कोड्यांचं एक पातळ पुस्तक होतं. पुराव्याचा रकाना कोरा.

आज यादीत सासूबाईंना दुसरं नाव चिकटवलं, उद्या सातबाऱ्यावर कुणाचं चिकटवतील? तिने जोडी तोडून टाकली आणि तरातरा मोनिकाच्या टेबलाशी गेली. शालनबाई तिथेच बसल्या होत्या.

"आत्याबाई, त्या दुर्गाच्या पुस्तकासाठी हिने कुठं सही-बिही घेतली का तुमची?"

"सही कशापायी? माझंच पुस्तक हाय ते. सतरा वर्सांची व्हते, गुर्जींनी छापलं. पुढल्या साली लगीन झालं न् दुर्गाची शालन झाले."

"मग आम्हाला कधी बोलला नाहीत ते?"

"इचारलं कुनी? ही पोरगी पयलीच."

जयमालाचा संशय तरी निवेना. "नाव बदलल्याचा काही कागद?"

"कागद कुटला गं! ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नाव लिव्हलं. दुसऱ्या दिशी त्येच तांदूळ शिजवून समदी जेवली." म्हातारीने सुनेकडे बोट केलं. "तुझं बी तसंच झालं की. ताट म्याच धरलं व्हतं."

जयमालाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोनिकाकडे बघायची सोय राहिली नव्हती. तिने खुर्ची ओढली, तोडलेली जोडी पुन्हा जोडली आणि पुराव्यात लिहिलं, 'सुनेची साक्ष.'

खाली साक्षीदाराचं नाव हवं होतं. मग बावीस वर्षांत कुठेच न लिहिलेलं माहेरचं नाव तिने लिहिलं. वर्षाली.

पडद्यावर लाल अक्षरं आली. या नावाची व्यक्ती सापडली नाही.

शालनबाईंनी चष्मा सारून ती वाचली आणि मोनिकाच्या हातावर थोपटलं.

"आता हिची नोंद घाल गं पोरी."