रंगूच्या वाडीचा ठसा

रुग्णवाहिकेच्या कपाळावर नाव उलटं लिहितात.

मोदकाच्या साच्यात पाकळ्या आत गेलेल्या असतात.

हंगेरीत आडनाव आधी, हजेरीपटावर असतं तसं.

दिवेआगरला रेल्वे नाही, तरी बोगी आली.

बोगी म्हणजे केलेमेन बोग्लार्का, बुडापेस्टची चित्रकार. नूतनच्या घरी महिनाभर पाहुणी. रोज वाडीत मांडी घालून पेन्सिलीने पोफळी काढायची. वादळात पडलेल्यासुद्धा. नूतन बोटाने जागा दाखवी, ही तिथे झाड उभं करी. मग तिने ती सगळी वाडी फणसाच्या फळीवर कोरली. फळीला शाई लावायची, वर कागद ठेवायचा, करवंटीने घासायचं, की ठसा तयार. चित्राखाली नाव : रंगूची वाडी. रंगू म्हणजे नूतनच्या सासूबाई. वाडी त्यांनी वाढवलेली. वादळाच्या आदल्या वर्षी त्या गेल्या. ठसा बुडापेस्टच्या प्रदर्शनात लागणार होता. तिथे सासूबाईंचं नाव सरळ, ठसठशीत दिसावं, एवढंच नूतनला हवं होतं.

निघायच्या दिवशी बोगी शाई घोटत होती, तेवढ्यात सासरे फळी घेऊन खुशीत आले. धर्माजी जुने सुतार. फळीवर बायकोचं नाव उलटं दिसलं. बाईला मराठी येत नाही, तिचा काय दोष, म्हणून त्यांनी पहाटे उठून तेवढा तुकडा कापून काढला, नवा बसवला आणि अक्षरं सुलट कोरली. सांधा नखाला लागत नव्हता.

"आबा, साचा होता तो," नूतन म्हणाली. "उलटाच असतो."

"तिचा नाव उलटा कसा ऱ्हाव देईन मी?"

बोगीने सांध्यावरून हात फिरवला आणि हसायला लागली. हसता हसता खाली बसली. मग धर्माजी हसले. नूतनचा रडायचा बेत होता, तो राहून गेला. बारा वाजले होते, दिघीची फेरीबोट तीनला. पुन्हा कोरायला दोन दिवस लागले असते.

दोरीवर धर्माजींचं धोतर वाळत होतं, धुऊन धुऊन कांद्याच्या सालीसारखं झालेलं. बोगीने ते मागितलं. शाई पातळ केली, धोतर फळीवर ताणलं, आणि तिघं तीन करवंट्या घेऊन घासत बसली. शाई आरपार गेली. धोतर उलटं केलं : रंगूची वाडी. सुलट, ठसठशीत. फक्त विहीर उजवीकडची डावीकडे गेलेली.

"थय कोन पानी शेंदायला येनार हाय?" धर्माजी म्हणाले.

बोगीने ठरवलं, धोतर भिंतीला लावायचं नाही, दालनाच्या मधोमध टांगायचं. एका बाजूने वाडी बरोबर, दुसऱ्या बाजूने नाव. लोक फिरतील गोल. नूतन लगेच तीनदा फिरली, तिच्यामागे आबा, बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. धोतर अजून ओलं. म्हणून एक टोक बोगीने धरलं, एक नूतनने, आणि रंगूची वाडी दिघीच्या जेट्टीपर्यंत रिक्षाबाहेर फडफडत गेली.

रंगू सही करायची तेव्हा र उलटा काढायची.