हात काढला की जातं

तारेच्या सोललेल्या टोकाची तांब्याची लव बोटाला टोचली, तेव्हा सगुणाबाईंना कळलं, आपण ती मघापासून नुसतीच चोळत बसलो आहोत. पुन्हा टीव्हीच्या मागे अडकवली. पडद्यावर मुंग्याच. सकाळी चित्र स्वच्छ होतं, दुपारी एका माणसाची दोन झाली, आणि आता, मराठी कार्यक्रमांची वेळ झाली तर ही खरखर...

रंगनाथराव होते तेव्हा दोष शोधायची एक रीत होती. ते माळवदावर अँटेनाचा पाइप फिरवायचे, सगुणाबाई खाली पडद्यासमोर. "आलं का?" "आलं... गेलं! जरा मागं!" लेक रुख्मिणी घर सोडून गेल्यावर दोघांत तेवढंच बोलणं उरलं होतं. नामांतराच्या मोर्चांच्या दिवसांत तिने बौद्धवाड्यातल्या पंचफुलाच्या मुलाशी लग्न केलं, रंगनाथरावांनी दाराला कडी घातली, आणि मग वर्षामागून वर्षं नवरा-बायको बोलले ते अँटेनाबद्दल. गेल्या पावसाळ्यात रंगनाथरावही वारले. आता एकट्या माणसाने वर पाइप फिरवून खाली येऊन बघायचं कसं? जिना उतरेपर्यंत चित्र हललेलं असायचं.

आणि आज तर चित्र हवंच होतं. मुंबईत नर्स असलेली रुख्मिणी आज टीव्हीवर लेकरांच्या लसींबद्दल बोलणार होती. हे सांगायला पंचफुला आली होती, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सांगून झालं तरी गेली नव्हती, अंगणातल्या निंबाखाली बसून होती.

सगुणाबाई दारात आल्या. "आत या. टीवीपुढं बसा अन् मला सांगा, आलं का."

पंचफुला उंबऱ्याशी थबकली. "मालक असते तर?"

"मालक वर असते. या लवकर."

माळवदावर वारं सुटलं होतं. पाइप फिरवला. खालून हाक आली, "आलं वो!... गेलं की!" पुन्हा तेच. मग ध्यानात आलं — पाइप मुठीत धरला की चित्र येतं, हात काढला की जातं. पदराने आवळून पाहिला, वीट टेकवून पाहिली... हातच लागत होता.

"आली बगा रुख्मिन! हालू नका बाई!"

"कशी दिसायली?"

"वाळलीय. चष्मा लागलाय. पर बोलायली लय दमात... तुमी या की खाली!"

"मी आले की ती जाईल."

खालून लेकीचा आवाज येत होता, शब्द वाऱ्यावर जात होते. काही सुचेना म्हणून त्यांनी मान वळवली, तर समोर परभणीची सडक — पार एसटी थांबते त्या चिंचेपर्यंत उघडी. एवढं दिसतं इथून? चित्र लागलं तरी रंगनाथराव उतरायचे नाहीत, "धरून ठेवतो" म्हणायचे, बातम्या संपल्या तरी वरच... हट्ट आहे, दुसरं काय, असं वाटायचं. मी पडद्यावर परक्यांची तोंडं बघत बसले, आणि हा माणूस — वर उभा राहून काय बघत होता? कोणाला?

"संपलं वो! उतरा आता," पंचफुलाने हाक दिली, मग, "चहा टाकू का मी?"

"टाका," त्या म्हणाल्या.

पण हात निघेना. दूर वळणावर संध्याकाळच्या एसटीची धूळ उठली होती. ती चिंचेपाशी येऊन थांबेपर्यंत तरी धरून ठेवावा...