क्लचवरचा ठोकळा

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. इतकी जुनी, की माझे सुटे भाग आता दुकानांपेक्षा लोकांच्या अडगळीतच जास्त सापडतात. तरीही मी आज चालते, आणि त्यासाठी मला बऱ्याच जणांचे आभार मानायचे आहेत.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा रंग गडद हिरवा होता. माझे पहिले मालक डॉक्टर होते. त्यांनी मला हौसेने वापरले आणि वय झाल्यावर आपल्याकडच्या नर्सबाईंना विकले. नर्सबाई अंगाने लहानखुऱ्या. त्यांचा डावा पाय क्लचपर्यंत पोहोचेना. त्यांच्या सुतार भावाने मग लाकडाचा एक ठोकळा तासला, पावलाच्या बाकाप्रमाणे त्याला उतार दिला आणि तो दोन बोल्टांनी पेडलवर बसवला. हौस म्हणून मला ब्रशने आकाशी रंगही त्यानेच दिला. त्या ठोकळ्यावर पाय ठेवून बाई अडलेल्या बायकांकडे वेळीअवेळी जात. किती बाळांच्या जन्माला मी दाराबाहेर उभी होते!

पुढे भाऊ वारला, बाई थकल्या आणि मी एका बेकरीवाल्याकडे गेले. त्याने मला पांढरे केले. पाव पोहोचवून माझ्या गाद्यांना असा खमंग वास लागला, की कुत्री मागे धावत. मग छोटा टेम्पो आला आणि मी बेकरीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले. माझ्यात उंदरांनी संसार थाटला.

तिथून मला बाहेर काढले ते लेथवर काम करून निवृत्त झालेल्या एका काकांनी. "कारखान्यातून निघाली तशी करायची," हा त्यांचा ध्यास. काकू म्हणाल्या, "अहो, आधी घराच्या भिंतींना रंग लावा." काकांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. कारखान्याचे नसेल ते सारे त्यांनी काढून टाकले. ठोकळाही भंगारात गेला. मला बोलता येत नाही, याचे इतके वाईट कधी वाटले नव्हते.

पुढे दार घासताना पांढऱ्याखाली आकाशी रंग निघाला. त्यावर ब्रशचे फराटे होते. हे कुणाचे काम, म्हणून काका चौकशी करत निघाले. बेकरीवाल्याने नर्सबाईंचे नाव सांगितले, आणि एका सकाळी बाई लेकीचा हात धरून आमच्या अंगणात आल्या.

मी नव्या हिरव्या रंगात चकाकत होते. बाईंनी माझ्या दारावरून हात फिरवला. मग त्या आत बसल्या, त्यांनी सवयीने पाय पुढे केला आणि तो हवेतच राहिला.

"माझ्या दादाचा ठोकळा होता इथे," त्या म्हणाल्या. "त्याच्या हातचं तेवढंच उरलं होतं."

काकांचा चेहरा उतरला. भंगार तर कधीच विकले होते. त्यांनी चाचरत तसे सांगितले. बाई म्हणाल्या, "असू द्या हो. तुम्हाला काय माहीत?" पण त्यांनी पाय मागे घेतला नाही.

काकू घरात गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात ठोकळा होता, एका बाजूला हळदीचा डाग पडलेला.

"अगं, हा तुझ्याकडे?"

"भाजी चिरताना टेबल डुगडुगायचं. तुम्ही फेकलेलं सगळंच फेकण्यासारखं असतं, असं थोडंच आहे?"

काकांनी गुडघे टेकून ठोकळा जागेवर बसवला. बोल्टांची जुनी भोके नेमकी जुळली. बाईंनी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला आणि अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मला नेले. काका शेजारी हँडब्रेकवर हात ठेवून बसले होते. तो ओढायची वेळ आली नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू दुरुस्त करायला घ्याल, तेव्हा तिच्यातले काही काढण्याआधी ते कुणासाठी बसवले होते, एवढे नक्की विचारा. आम्हा वस्तूंना सांगता येत नाही.

ठोकळा आता माझ्या पेडलवरच आहे. काका लांब पायांचे, त्यांना तो अडचणीचाच होतो. गुडघा वर घेऊन चालवतात, पण काढत नाहीत. आणि स्वयंपाकघरातले टेबल पुन्हा डुगडुगते आहे. त्याबद्दल काकूंनी अजून एकदाही कुरकुर केलेली नाही.