विरोधकाचा पहिला चहा

गुरचरणावर कुंपण घालून भाईंचा पुतळा बसवायचा, हे वाडीच्या मुंबईकरांच्या मंडळाने ठरवूनच टाकलं होतं. मे महिन्यात आंबेनळी घाटाखालच्या आमच्या वाडीत सभा झाली ती नुसत्या माना डोलवायला.

गोमाजीभाई याच वाडीतले. समाजवादावरची त्यांची पुस्तकं पार दिल्लीपर्यंत वाचली गेली. पण त्यातला विचार आम्ही आधी ऐकला, नाते गावातल्या अभ्यासवर्गात, सारवलेल्या जमिनीवर बसून. "लोकांना न विचारता आणलेला समाजवाद म्हणजे नवा खोत," असं ते म्हणत. त्यांच्या सभेत विरोध करणारा आधी बोले, आणि चहाचा पहिला कपही त्यालाच मिळे. कप भरायचं काम माझ्याकडे असे. एवढ्या मोठ्या माणसाला मी कित्येकदा तळाचा, गाळ आलेला चहा दिला आहे. त्यांनी तो आवडीने प्यायला.

"सगळ्यांना मंजूर ना?" मंडळाच्या हृतिकने विचारलं.

मागून ठकूबाई पुटपुटली, "मग माज्या शेरड्या कुठं चरायच्या?"

शेरडांवरच तिचं घर चालतं. वाडीला दुसरी मोकळी जागा उरलेली नाही.

"आजी, प्रोजेक्ट मोठा आहे. शेळ्यांचं नंतर बघू," हृतिक म्हणाला. लोक हसले.

मी उठले. "हृतिक, भाईंच्या नावाची सभा ना ही? मग पहिला चहा ठकूबाईला. आणि माईकही."

"मला नाय बोलता येत गो, नीलाताय."

"शेरडांवर ओरडतेस तशी बोल."

तिने माईक हातात घेतला. "भाईंनी ह्यो माळ खोताकडनं सोडवला. सगळ्यांच्या गुरांसाठी सोडवला. माजा बाप व्हता त्यांच्यासंगं. आता त्यांनाच मधी उभं करून भवती कुंपण घालणार? भाईंना खोत करताय काय रे?"

कोणी हसलं नाही. मग मतं घेतली. पुतळ्यासाठी मोजकेच हात वर झाले, आणि तेही अर्धवट.

हृतिकचा चेहरा उतरला. "म्हणजे भाई हरले."

"त्यात नवं काय?" मी म्हटलं. "निवडणूक तर ते दर वेळी हरायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी जिंकलेल्याच्या घरी जाऊन पोहे खायचे, आणि वर वाद घालायचे."

"माज्याकडं पोहे नायत हां," ठकूबाई घाईघाईने म्हणाली. "नाचणीची भाकरी हाय."

"चालेल," हृतिक म्हणाला. "पण आजी, वाद मी घालणार."

"घाल की. पोटभर जेव, मग घाल."